फ्रेंचमधला ‘पा’ : पावलापासून नकारापर्यंत

फ्रेंच भाषेत ‘पा’ असा एक इवलासा शब्द आहे. लिहिताना त्याच्या शेवटी ‘एस’ येतो, पण तो सहसा उच्चारला जात नाही. शब्दकोशात हा शब्द दोनदा भेटतो : एकदा ‘पाऊल’ या अर्थाचे नाम म्हणून आणि एकदा ‘नाही’ या अर्थाचे अव्यय म्हणून. ‘इल न फे पा अं पा’, म्हणजे ‘तो एक पाऊलही टाकत नाही’, या वाक्यात हे दोन्ही ‘पा’ एकत्र आले आहेत; त्यातला पहिला नकाराचा आणि दुसरा पावलाचा. हे उच्चारात योगायोगाने जुळलेले दोन निराळे शब्द असावेत असे वाटते खरे, परंतु नकाराचा ‘पा’ पावलाच्या ‘पा’मधूनच निघाला आहे.

नामाचे मूळ लॅटिनमधील ‘पासुस’ या शब्दात आहे. रोमन लोकांचा हिशेबाचा ‘पासुस’ दुहेरी असे, म्हणजे एकच पाय पुन्हा जमिनीवर टेकेपर्यंतचे अंतर. अशा हजार पासुसांचा, सुमारे 1,480 मीटरचा, रोमन मैल होई. फ्रेंचमध्ये या नामाचा पसारा पुष्कळ वाढला. घोड्याची संथ चाल, बॅलेमधला पदन्यास आणि स्क्रूच्या आट्यांमधले अंतर या सगळ्यांना ‘पा’ म्हणतात. फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामधल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीचे फ्रेंच नाव ‘पा द कॅले’ असे आहे. न्यायालयांतील आणि मोठ्या रेल्वे स्थानकांतील ज्या दालनात लोक ताटकळत येरझाऱ्या घालतात, त्याला तर ‘वाया गेलेल्या पावलांचे दालन’ असे नाव आहे, आणि फ्रेंच भाषेतले इतके नेमके नाव मला दुसरे आठवत नाही.

पण पावलाचा नकार कसा झाला? जुन्या फ्रेंचमध्ये नकारासाठी क्रियापदाच्या आधी नुसता ‘न’ पुरत असे. हा ‘न’ आणि संस्कृत-मराठीतला ‘न’ एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळापासून आले आहेत. नकार ठासून सांगायचा असला की बोलणारा त्याला एखाद्या क्षुल्लक वस्तूची जोड देई : चालण्याच्या संदर्भात ‘एक पाऊलही’, खाण्याच्या संदर्भात पावाचा ‘कणही’, पिण्याच्या संदर्भात ‘थेंबही’. मराठीत आपण ‘अवाक्षर काढले नाही’, ‘छदामही दिला नाही’ किंवा ‘तिळमात्र शंका नाही’ असे म्हणतो, त्याचीच ही पद्धत होय. त्यातही ‘अवाक्षर’ अजून बोलण्यापुरते आणि ‘छदाम’ पैशांपुरता राहिला आहे, तर ‘तिळमात्र’ मात्र तीळ सोडून शंका, दया, फरक अशा कशालाही लागू लागला आहे. फ्रेंच ‘पा’ याच वाटेने, पण फार पुढपर्यंत गेला. चालण्याशी असलेला त्याचा संबंध सुटला आणि कोणत्याही क्रियापदाबरोबर तो येऊ लागला. पावाच्या कणाचा ‘मी’ आज प्रमाण फ्रेंचमधून नाहीसा झाला आहे. थेंबाचा ‘गुत’ एका वाक्प्रचारात तेवढा टिकला आहे, आणि तोही पिण्याच्या नव्हे, तर काहीच न दिसण्याच्या अर्थाने.

जोर देणारा शब्द जागोजागी वापरला गेला की त्यातला जोर ओसरतो. शाळेत शिकवली जाणारी ‘न... पा’ ही जोडी अशाच ओसरलेल्या जोराची आहे. आता तिच्यात ठासून सांगण्याचा भाग उरलेला नाही. त्यातच ‘न’चा स्वर अतिशय दुबळा असल्याने घाईच्या बोलण्यात तो गळून पडतो आणि नकाराचा सगळा भार एकट्या ‘पा’वर येतो. पुस्तकातले ‘ज न से पा’, म्हणजे ‘मला माहीत नाही’, रस्त्यावर ‘शे पा’ असे ऐकू येते, आणि पुण्या-मुंबईत पुस्तकावरून फ्रेंच शिकलेला विद्यार्थी तिथे हमखास गोंधळतो.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1917 मध्ये अनेक भाषांतला हा क्रम मांडला : नकार दुबळा होतो, त्याला आधाराला दुसरा शब्द येतो आणि शेवटी तो आधारच नकार होऊन बसतो. 1979 मध्ये स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ ऊस्टेन डाल यांनी त्याला ‘येस्पर्सनचे चक्र’ असे नाव दिले. इंग्रजी ‘नॉट’ आणि जर्मन ‘निश्ट’ हेही मुळात ‘काही वस्तू नाही’ अशा जोडशब्दांचे झिजलेले अवशेष आहेत. फ्रेंचमध्ये हे चक्र आपल्या डोळ्यांदेखत फिरते आहे, आणि ते मोजताही येते. फ्रान्समधल्या तूर शहरातील लोकांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांचा अभ्यास विल्यम अ‍ॅशबी यांनी केला, तेव्हा 1976 मध्ये ‘न’ सुमारे 37 टक्के नकारांत टिकून होता आणि 1995 मध्ये सुमारे 18 टक्के नकारांतच उरला होता. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या बोलीत तर गिलियन सँकॉफ आणि डियान व्हँसाँ यांना 1977 च्या अभ्यासात तो जेमतेम अर्धा टक्का आढळला. याला बोलणाऱ्यांचा निष्काळजीपणा म्हणणे मला पटत नाही, कारण तीच माणसे लिहायला बसली की ‘न’ बिनचूक लिहितात.

फ्रेंच वसाहतींमध्ये घडलेल्या क्रेओल, म्हणजे फ्रेंच आणि इतर भाषांच्या संपर्कातून जन्मलेल्या, भाषांत हा प्रवास आणखी पुढे गेला आहे. हैतीच्या आणि मॉरिशसच्या क्रेओलमध्ये ‘न’ मुळीच नाही आणि ‘पा’ क्रियापदाच्या मागून निघून पुढे, म्हणजे ‘न’च्या जुन्या जागेवर, येऊन बसला आहे. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आज बहुधा क्रेओलच बोलतात, आणि ‘मला माहीत नाही’ हे सांगताना त्यांच्या तोंडून ‘मो पा कोने’ असे वाक्य येते.