बातमी न होणारे मृत्यू

नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. पाठोपाठ आकडा ३१ वर गेला. कॅमेरे आले, मंत्री आले, औषधं होती की नव्हती यावर वाद झाला आणि एका खासदारांनी खुद्द अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करून घेतलं. तो व्हिडिओ मराठवाड्यात बहुतेकांनी पाहिला असेल. कुणाला तरी धडा शिकवल्याचं समाधान त्यातून मिळालं. बाळं का गेली, हे मात्र त्यातून कळण्यासारखं नव्हतं.

ते कळून घेण्याचं, म्हणजे आरोग्यसेवेची गुणवत्ता तपासून ती सुधारण्याचं, एक शास्त्र आहे आणि जगातल्या कित्येक विद्यापीठांत त्यावर माणसं अख्खी हयात घालवतात. नवं औषध शोधणं हे त्यांचं काम नाही. जे उपाय केव्हाच सिद्ध झालेत, ते रुग्णापर्यंत धडपणे आणि वेळेवर का पोचत नाहीत, हा त्यांचा प्रश्न.

याची एक मुळी दवाखान्यात नाही, टेलिफोनच्या कारखान्यात आहे. मे १९२४ मध्ये अमेरिकेच्या टेलिफोन उद्योगातल्या वॉल्टर शूहार्ट या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या साहेबांना जेमतेम पानभर टिपण पाठवलं. त्यात एक आलेख होता. कुठलाही आकडा रोज थोडा खालीवर होणारच. त्यातला नेहमीचा चढउतार कुठला आणि खरंच काही बिघडल्याची खूण कुठली, हे ओळखायची रीत त्यात होती. समजा, एका मोठ्या रुग्णालयात दिवसाला सरासरी ९ मृत्यू होतात. अशा मोजणीत चढउताराचं माप ढोबळमानाने सरासरीच्या वर्गमुळाइतकं धरतात, म्हणजे ३. त्याची तिप्पट सरासरीत मिळवली की वरची रेघ येते १८ वर. एखाद्या दिवशी १४ मृत्यू झाले तर पेपरात मथळा येईल, चौकशी लागेल. पण त्या दिवशी वेगळं असं बहुधा काही घडलेलंच नसतं. आकडा १८ च्या वर गेला तर मात्र शोधायलाच हवं. ऑक्सिजन कमी पडला का? कोण रजेवर होतं? एकाच रात्री चारपाच अत्यवस्थ बाळं रेफर होऊन आली का?

आणि ते रोजचे ९? त्यांच्यावर कुणी व्हिडिओ करत नाही. मोठ्या रुग्णालयात सगळ्यात गंभीर रुग्ण येतात, त्यामुळे काही मृत्यू अटळ असतात हे खरंच. पण काही टाळता येण्यासारखे असतात, आणि ते व्यवस्था नेहमीसारखी चालू असतानाच होतात. या विषयातल्या संशोधकाचा खरा जीव या रोजच्या नऊ मृत्यूंत अडकलेला असतो.

बैरुतमध्ये जन्मलेले आणि पुढे मिशिगन विद्यापीठात शिकवणारे अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये या शोधाला एक चौकट दिली: साधनं काय आहेत, प्रत्यक्ष काय केलं जातं आणि रुग्णाचं शेवटी काय होतं. तिन्ही पाहायचं, कारण नुसत्या शेवटावरून फसगत होते. किनवट-माहूरकडची बाई प्रसूतीसाठी आधी जवळच्या केंद्रात जाते, तिथून ग्रामीण रुग्णालयात, तिथून नांदेडला. उशीर वाटेत होतो, मृत्यूची नोंद मात्र शेवटच्या वॉर्डात. बीडची गोष्ट तर उलटीच आहे. २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. यातल्या कितीतरी शस्त्रक्रियांचे केस पेपर तपासले तर तांत्रिक चूक सापडायची नाही. बाई धडधाकट घरी गेली, टाके सुकले. प्रश्न असा की ऑपरेशनची गरज होती का? पुढे जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

सुधारणा मोजायला गेलं की खरी गंमत सुरू होते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांच्या गटाने शंभरावर अतिदक्षता विभागांत एक साधी यादी लागू केली: मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुवा, त्वचा योग्य जंतुनाशकाने पुसा, रुग्णावर पूर्ण निर्जंतुक कापड टाका, मांडीची शीर टाळा, गरज संपताच नळी काढा. निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. नळीमुळे होणाऱ्या रक्तातल्या संसर्गाचं मध्यक प्रमाण (सगळे विभाग क्रमाने लावले तर अगदी मधल्याचं) तीन महिन्यांतच शून्यावर आलं होतं. जगभर यादीचा उदोउदो झाला. मग मेरी डिक्सन-वूड्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसह तपासलं की हे नेमकं झालं कशाने. यादी त्यातला लहानसा भाग होता. रुग्णालयं एकमेकांचे आकडे पाहत होती, त्यामुळे मागे राहायची लाज वाटू लागली होती. आणि डॉक्टर चुकत असेल तर त्याला थांबवायचा अधिकार सिस्टरला मिळाला होता. आपल्याकडच्या राउंडला सिस्टरने सरांना 'थांबा' म्हटल्याचं डोळ्यांसमोर आणून बघा.

उत्तर प्रदेशात १२० आरोग्यकेंद्रांत सुरक्षित बाळंतपणाच्या यादीचा प्रयोग झाला, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं, निष्कर्ष २०१७ मध्ये. शिकवायला प्रशिक्षक येत होते तेव्हा यादी दिलेल्या केंद्रांत ठरलेल्या कृतींपैकी सुमारे ७३ टक्के होत होत्या, तुलनेसाठी यादीविना ठेवलेल्या केंद्रांत ४२. प्रशिक्षकांच्या भेटी थांबल्यावर ७३ चे ६२ झाले. आणि मृत्यू व गंभीर गुंतागुंत? यादीच्या केंद्रांत १५.१ टक्के, बाकीच्यांत १५.३. म्हणजे काहीच फरक नाही. हात धुतले गेले, पण रक्त, भूलतज्ज्ञ आणि वेळेवर निघणारी गाडी यादीतून येत नाही. मला हा निष्कर्ष मिशिगनपेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या मातीतला आहे.

असं काम करणारी माणसं येतात कुठून? वर आलेच आहेत: भौतिकशास्त्रज्ञ, अतिदक्षतेचे डॉक्टर, समाजशास्त्रज्ञ. आपल्याकडे जवळचा दरवाजा म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयातला पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्य आणि रोगप्रतिबंधाचा विभाग, जिथे 'क्लिनिकल ब्रँच मिळाली नाही वाटतं' हे वाक्य ऐकतच तीन वर्षं काढायची. एमडीला थिसिस सक्तीचा असतो. अमुक गावातल्या लोकांना तमुक आजाराविषयी किती माहिती आहे, यावर ढिगाने थिसिस निघतात. त्याऐवजी कुणी आपल्याच लेबर रूममध्ये सिझरचा निर्णय झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतची मिनिटं वर्षभर शूहार्टच्या आलेखावर मांडली तर? अडचणी येतील. मिशिगनचं काम २००७ मध्ये अमेरिकी सरकारच्या एका कार्यालयाने अडवलं होतं: हे संशोधन आहे, मग रुग्णांची संमती कुठे आहे? पुढच्या वर्षी तिढा सुटला. आपला तिढा याहून साधा आणि याहून अवघड आहे. ज्या सरांच्या वॉर्डातला उशीर मोजायचा, त्यांचाच पुढे फॅकल्टी रूममध्ये रोज सामना करायचा.

यावर मला एकच तोड दिसते. अंबाजोगाईच्या रेसिडेन्टने लातूरची मिनिटं मोजावीत, लातूरच्याने नांदेडची, नांदेडच्याने छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची, घाटीच्याने अंबाजोगाईची, आणि दर तीन महिन्यांनी चौघांचे आलेख एकाच भिंतीवर लावावेत.