ईसीटीमध्ये फिट थांबते तेव्हा मेंदूत काय होतं?

डिप्रेशन इतकं वाढतं की माणूस खात नाही, बोलत नाही, जगायचंच नाही म्हणतो आणि गोळ्याही लागू पडत नाहीत, तेव्हा डॉक्टर ईसीटीचं, म्हणजे डोक्याला विजेचा करंट देऊन मुद्दाम फिट आणायच्या उपचाराचं, नाव काढतात आणि घरचे हादरतात. भीती समजण्यासारखी आहे, १९३८ मध्ये रोमला चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी हे सुरू केलं तेव्हा भूल न देताच शॉक द्यायचे. आता पूर्ण भूल असते, स्नायू सैल करायचं इंजेक्शन असतं आणि एका घोट्यावर आधीच पट्टा आवळतात म्हणजे ते औषध त्या पावलात पोचत नाही, फिट चालू आहे का ते तिथे दिसतं, बाकी शरीर जवळपास शांत.

करंट जेमतेम काही सेकंद. त्यातून येणारी फिट साधारण अर्धा ते एक मिनिट चालते आणि ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखावर, ती अख्खी बघता येते, आधी भराभर टोकदार लाटा, मग मोठ्या आणि संथ, सेकंदाला तीनेक, आणि मग एकदम रेघ सपाट. मला यातलं हे सपाट होणंच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मेंदू ही फिट स्वतःच दाबून टाकतो, आणि रेघ जितकी झटकन सपाट होते तितका गुण येण्याचा चान्स जास्त असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, सगळ्यांत नाही.

नुसती फिट आली की झालं असंही नाही. फक्त उजव्या बाजूने, फिट येण्यापुरताच कमीत कमी करंट दिला तर फिट व्यवस्थित येते पण डिप्रेशन फारसं हलत नाही, तोच डोस कित्येक पट वाढवला की फरक पडतो. आणि आठवड्याला दोन-तीन असे सहा ते बारा सेशन होईपर्यंत बहुतेकांना फिट आणायला आधीपेक्षा जास्त करंट लागायला लागतो, मेंदूचा ब्रेक घट्ट होत जातो म्हणा ना. म्हणून तर औषधांना न जुमानणाऱ्या एपिलेप्सीतही, म्हणजे चक्क फिट थांबवायला, ईसीटी वापरलेली आहे!

ईसीटीनंतर ईईजीत संथ लाटा वाढतात हे कित्येक दशकं माहीत होतं, पण का ते कळत नव्हतं. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सॅन दिएगोमधल्या संशोधकांनी ईईजीतला बिनतालाचा, गोंगाटासारखा सिग्नल तपासला, जो एरवी लोक कचरा म्हणून बाजूला टाकायचे. कोर्सनंतर नेमका तोच वाढलेला होता, आणि त्यांच्या मते याचा अर्थ पेशींना शांत करणारी यंत्रणा जोर धरतेय. त्याआधी २०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या टीमला स्कॅनवर दिसलं होतं की डिप्रेशनमध्ये जास्तच गुंतलेली मेंदूच्या पुढच्या भागाची कनेक्शन्स ईसीटीनंतर सैल होतात. पेशंट नऊच होते, पण दिशा तीच.

किंमत आहेच. कोर्सच्या आसपासच्या दिवसांच्या आठवणी पुसट होतात, काहींच्या त्याआधीच्याही जातात आणि परत येत नाहीत, हे पेशंटला आधी स्पष्ट सांगायलाच हवं. शिवाय कोर्सनंतर औषधं चालू ठेवली नाहीत तर डिप्रेशन परत येण्याचं प्रमाण खूप मोठं आहे.

सॅन दिएगोच्या त्याच संशोधकांच्या अभ्यासात करंटऐवजी चुंबकाने फिट आणलेले पेशंटही होते आणि त्यांच्यातही तो गोंगाट वाढलेला दिसला. चुंबकाच्या पद्धतीत स्मरणशक्तीला धक्का कमी बसतो.