गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक बदलणं ही बातमी कधीपासून झाली?

‘परीक्षक बदलले, आता मजा गेली’ असं म्हणणारा प्रेक्षक तसा अलीकडचा आहे. गिरगाव, दादर, लालबागच्या गणेशोत्सवातल्या गायन स्पर्धांना परीक्षक दरवर्षी नवे येत. गुणपत्रिकेवर सूर, ताल, शब्दोच्चार, भाव असे रकाने असत, आणि ते भरणारा कोण आहे याची चर्चा निकालाच्या रात्रीपुरती होई. आकाशवाणीच्या स्वरचाचणीत तर १९५२ पासून गाणारा कोण हेच ऐकणाऱ्याला कळू न देण्याची पद्धत होती. टीव्हीनेही सुरुवातीला परीक्षक सतत बदलण्याचीच वाट धरली. १९९५ मध्ये हिंदी ‘सा रे ग म’ सुरू झालं तेव्हा एका भागाला ज्येष्ठ संगीतकार, दुसऱ्याला शास्त्रीय गायिका, तिसऱ्याला बासरीवादक असे पाहुणे येत. प्रेक्षकांच्या ओळखीचा होता तो सूत्रसंचालक.

खुर्ची कायमची झाली ती २००४ च्या ‘इंडियन आयडॉल’पासून. ऑडिशनच्या रांगेपासून महाअंतिम फेरीपर्यंत तेच तीन चेहरे. त्याच वेळी शेवटचा निकाल एसएमएसने प्रेक्षकांच्या हाती गेला. या दोन गोष्टी एकत्र घडल्या हे महत्त्वाचं. निर्णयाचा अधिकार कमी झाला आणि परीक्षकाचं काम बदललं : स्पर्धकाला पहिल्या दिवसापासून ओळखणारा, त्याच्या प्रगतीची नोंद ठेवणारा माणूस म्हणून तो घराघरांत पोहोचला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या हिंदी वाहिनीने परीक्षकाला मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, करून स्पर्धकांचे गट त्याच्या हाती दिले.

शब्दांचा घोळ इथूनच सुरू झाला. परीक्षक, जज, ज्युरी, मेंटॉर, कॅप्टन हे शब्द एकाच हंगामात एकाच माणसाला लागू झालेले दिसतात. बदलाचा परिणाम मात्र प्रत्येक भूमिकेत वेगळा असतो. पाहुणा परीक्षक बदलला तर काहीच बिघडत नाही, तो बदलण्यासाठीच असतो. मेंटॉर मध्येच गेला तर त्याचा अख्खा गट पोरका होतो, कारण गाण्याची निवड, पट्टी (गाणं कोणत्या मूळ सुरावर धरायचं ते), मधल्या संगीताची रचना यांवर त्याचा हात फिरलेला असतो.

मराठीत हा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो ‘लिटल चॅम्प्स’ या लहान मुलांच्या गायन स्पर्धेमुळे. २००८-०९ च्या त्या हंगामात एक गायक-संगीतकार आणि एक पार्श्वगायिका अशी दोघांची जोडी होती, आणि गुण आकड्यांऐवजी सुरांत दिले जात. ‘नी’ मिळाला की घरातही टाळ्या पडत आणि क्वचित ‘वरचा सा’ लागे. सात सुरांची मोजपट्टी असूनही सहसा वरच्या टोकाचे सूरच वापरात येत. असं मोजमाप माणसाशी बांधलेलं असतं. या जोडीचा ‘ध’ म्हणजे ‘छान, पण पुढच्या वेळी शब्द जरा सांभाळ’ हे महिनाभरात प्रेक्षक शिकले होते. त्या जागी तिसरा माणूस बसला असता तर त्याच्या ‘ध’चा अर्थ पुन्हा शून्यापासून लावावा लागला असता.

म्हणून जून २०२१ मधला निर्णय मोठा ठरतो. त्याच स्पर्धेच्या नव्या पर्वात २००९ चे पाचही अंतिम स्पर्धक ज्युरी म्हणून बसवले गेले. बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता : कॅमेऱ्यासमोर, दिव्यांच्या उष्णतेत, दहा-बारा वर्षांच्या वयात गाणं म्हणजे काय, हे या पाचांइतकं कोणाला ठाऊक असणार? विरोधातला मुद्दाही हलका नव्हता. ऐन विशीतल्या किंवा त्याच्या जरा पुढे-मागे असलेल्या गायकांनी परीक्षण करावं का, आणि पाच जण म्हणजे प्रत्येक गाण्यानंतर पाच अभिप्राय, मग गाणं उरतं किती?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. वयाचा मुद्दा फसवा होता, कारण मुलांना नेमकी दुरुस्ती सांगायला तरुण कान उत्तम. पण खुर्च्यांची वाटणी चुकली होती. तीन परीक्षकांच्या मांडणीत सहसा एक शास्त्रीय बैठकीचा, एक चाल बांधणारा आणि एक लोकप्रिय गळा असतो. एकाने ‘तिसऱ्या अंतऱ्यात सूर उतरला’ म्हटलं, तर दुसरा त्याचं कारण सांगतो. पाचही जण एकाच स्पर्धेतून घडलेले असले की पाच अभिप्राय एकमेकांच्या जवळ येतात, आणि प्रेक्षकाला दुसरं-तिसरं मत मिळतच नाही. त्यात मुलांच्या कार्यक्रमात वेळेचीही मर्यादा आहे : बालकलाकाराने दिवसात पाच तासांहून जास्त आणि सलग तीन तासांहून जास्त काम करू नये असा २०१७ चा केंद्राचा नियम आहे. लांबलेला प्रत्येक अभिप्राय त्या तासांतून जातो. दोन नावं कमी करून एक शास्त्रीय आणि एक संगीतकार ठेवला असता तर या निर्णयाची बाजू खूप भक्कम झाली असती.

दोन हंगामांच्या मधला बदल प्रेक्षक पचवतो. नव्या परीक्षकाला नवे स्पर्धक भेटतात, दोघांची ओळख सोबत होते. जखम होते ती हंगामाच्या मध्यात. २०१८ मध्ये एका हिंदी स्पर्धेत चालू हंगामात परीक्षक बदलला. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रातलं चित्रीकरण थांबलं, तेव्हा मुंबईतला असाच एक कार्यक्रम दमणला हलला. तिकडे सगळे परीक्षक गेले नाहीत आणि रिकाम्या जागी दुसरे बसले. कारणं वेगळी, परिणाम एकच : आठवण तुटते. समजा एक मुलगा ऑडिशनला काळी चारमध्ये गात होता आणि आवाज फुटू लागल्याने दहाव्या आठवड्यात काळी दोनवर, म्हणजे खालच्या पट्टीत, आला. जुन्या परीक्षकाला त्याचा प्रवास माहीत असतो, तो खालच्या सुरातल्या गोलाईचं कौतुक करतो. नव्याला तोच मुलगा वरच्या सुरांत दबलेला, घाबरलेला वाटतो आणि तो तसं बोलून जातो. घरी बसलेल्या आईवडिलांना, आजीला वाटतं याने आमच्या पोरावर अन्याय केला. खरं तर नव्या परीक्षकाला कोणी काही सांगितलेलंच नसतं.

सांगणं फारसं कठीण नसतं. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी नव्या परीक्षकाला प्रत्येक स्पर्धकाची ऑडिशन आणि शेवटची दोन गाणी ऐकवावीत, मूळ आणि सध्याची पट्टी लिहून द्यावी, आधीच्या परीक्षकाने काय सुधारायला सांगितलं होतं ते एका ओळीत द्यावं. पहिल्या भागात गुण देण्याआधी दोन गाणी बिनगुणांची ऐकू द्यावीत, म्हणजे त्याची मोजपट्टी इतरांशी जुळते. गोरेगावच्या फ्लोअरवर एका दिवसात दोन भाग संपवायचे असतात, परीक्षकाच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात, त्यामुळे नेमकं हेच राहून जातं. शिवाय फ्लोअरवर परीक्षकाला मॉनिटरमधला (जवळच्या स्पीकरमधला) कच्चा आवाज ऐकू येतो, घरी पोहोचतो तो मिक्स झालेला. जुना परीक्षक हे अंतर मनात धरून बोलायला शिकलेला असतो. नवा पहिल्याच भागात ‘सूर लागला नाही’ म्हणतो, आणि प्रेक्षकाला तर तो सूर स्वच्छ ऐकू आलेला असतो.