दाण्यांना वेसण घालणारे कण

बेळगावच्या उद्यमबागेत आर्गॉन वेल्डिंग चालतं, तिथे टॉर्चमध्ये बसवलेली बारीक सळई एकदा निरखून पाहा. ती टंगस्टनची असते. मागचं टोक लाल रंगवलेलं असेल, तर तिच्यात सुमारे 2 टक्के थोरियम ऑक्साइड मिसळलेलं आहे. सोनेरी किंवा निळं असेल, तर लँथॅनम ऑक्साइड. वेल्डर सांगेल, अशा सळईवर आर्क चटकन धरतो आणि टोकही जास्त टिकतं. आर्क धरतो तो इलेक्ट्रॉन सहज सुटतात म्हणून. तो विषय वेगळा. टोक टिकण्यामागे मात्र ऑक्साइडच्या बारीक कणांनी धातूच्या आत घातलेला बंदोबस्तही असतो.

टंगस्टन वितळतो 3422 अंश सेल्सिअसला. आपल्याकडच्या फाउंड्रीत बिडाचा रस साधारण 1400 अंशांच्या आसपास साच्यात पडतो. टंगस्टनचं असं ओतकाम करायचं म्हटलं, तर तो ताप सोसणारी मूस आणायची कुठून? म्हणून त्याची पूड दाबून, हायड्रोजनमध्ये 2000 अंशांच्या वर तापवून घट्ट करतात आणि मग गरम असतानाच ठोकून, लाटून आकार देतात.

एवढा कणखर धातू, पण त्याच्या दोन खोडी आहेत. साध्या तापमानाला तो ठिसूळ असतो. नेहमीचा टंगस्टन काहीशे अंश तापवल्याशिवाय नीट वाकत नाही. आणि 1200-1300 अंशांच्या पुढे गेला, की त्याचे स्फटिकदाणे (धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो ते) नव्याने घडून फुगू लागतात, लाटून कमावलेली ताकद निघून जाते. जुन्या बल्बमध्ये हे घडायचं. तारेतला एकेक दाणा तारेच्या जाडीएवढा वाढायचा, शेजारचे दाणे एकमेकांवरून घसरायचे आणि तार तिथेच तुटायची. त्यावर तेव्हाही थोरियम ऑक्साइडच घालून पाहिलं गेलं. दाण्याची सीमा पुढे सरकू लागली, की वाटेतले कण तिला धरून ठेवतात.

दाण्याच्या आतही हे कण कामाला येतात. धातू वाकतो तेव्हा स्फटिकातल्या अणूंच्या रांगांमध्ये राहिलेली रेषेसारखी खोट पुढे सरकत असते. चिक्कोडीकडच्या तोडलेल्या उसाच्या फडातून लांब दोर आडवा ओढला, तर तो बुडख्या-बुडख्याला अडतो आणि मधल्या जागेत बाक घेतो. ही रेषाही कणांमध्ये तशीच अडकते, बाक घेते आणि अखेर प्रत्येक कणाभोवती स्वतःचं एक वेटोळं सोडून पुढे जाते. त्यासाठी जोर जास्त लागतो. ताकद वाढते ती इथे. एकूण भेसळ तेवढीच ठेवून कण बारीक केले, की त्यांच्यातलं अंतर घटतं आणि अडवणूक वाढते. म्हणून सारा खटाटोप कण नॅनोमीटरांत ठेवण्याचा.

पण ताकद वाढली म्हणजे टंगस्टन सुधारला, असं मी म्हणणार नाही. त्याचं खरं दुखणं दाण्यांच्या सीमेवर आहे. ऑक्सिजनसारखी अशुद्धी तिथे साठते आणि तडा त्याच वाटेने पळतो. ऑक्साइडचे कण आधीच ऑक्सिजनने तृप्त, ते हा उपद्रव फारसा आवरत नाहीत. उलट सीमेवर गोळा होऊन ते जाड झाले, तर तडा तिथूनच सुरू होतो. ऑक्साइडऐवजी झिर्कोनियम किंवा टायटॅनियम कार्बाइड (धातू आणि कार्बन यांचं संयुग) घातलं, तर तसं होत नाही. झिर्कोनियमला ऑक्सिजनची भारी ओढ. कार्बाइडचा कण सीमेवरचा ऑक्सिजन स्वतःकडे घेतो आणि सीमा स्वच्छ होते. (लेथवरच्या हत्याराला लावतात ती कार्बाइड टिप म्हणजे हे नव्हे. ती जवळजवळ सगळी टंगस्टन कार्बाइडची असते, कोबाल्टने बांधलेली. इथे कार्बाइड जेमतेम अर्धा-एक टक्का.) चीनमधल्या हेफेईच्या संशोधकांनी 2015 साली अर्धा टक्का झिर्कोनियम कार्बाइड घातलेली जाड पट्टी दाखवली, ती 100 अंशांच्या आसपासच वाकू लागली. टंगस्टनच्या मानाने ही मोठीच मजल. कार्बाइडचा हातही सैल सोडून चालत नाही. जास्तीचा कार्बन टंगस्टनलाच धरतो आणि नवा ठिसूळपणा जन्मतो.

एवढी धडपड मुख्यतः कुणासाठी, तर फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या आणि भारतही भागीदार असलेल्या ‘इटर’सारख्या संलयन भट्ट्यांसाठी, म्हणजे हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा मिळवू पाहणाऱ्या यंत्रांसाठी. तिथल्या डायव्हर्टर या, उष्णता आणि टाकाऊ वायू बाहेर काढणाऱ्या भागावर दर चौरस मीटरला 10 मेगावॅट उष्णता सतत आदळणार, अधूनमधून 20. वरून न्यूट्रॉनांचा मारा, तो धातूला आणखी ठिसूळ करतो. कण आणि धातू यांच्यातल्या सांध्यांवर न्यूट्रॉनांनी केलेली काही मोडतोड जिरून जाते, हा कणांचा आणखी एक उपयोग.

अडचण येते ती कारखान्यात. कण सगळीकडे सारखे पसरावेत म्हणून पूड बॉल मिलमध्ये, म्हणजे कठीण गोळ्या भरलेल्या फिरत्या भांड्यात, तासन्‌तास घोटतात. पण घोटता घोटता गोळ्यांचा नि भांड्याचा चुरा तिच्यात उतरतो आणि पूड जितकी बारीक तितका हवेतला ऑक्सिजन ती जास्त ओढते. जो ऑक्सिजन हटवायला कार्बाइड घातलं, तोच मिलमधून पुन्हा आत शिरतो. शिवाय लाटलेल्या पट्टीत दाणे एकाच दिशेला लांबट होतात. लाटण्याच्या दिशेने ओढलं तर ती छान ताणते, आडवी ओढली की लवकर दगा देते. आणि संलयन भट्टीतली उष्णता काही दिशा बघून येत नाही.