विवाहित जोडप्याचा मुलांसह कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश : प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

कॅथलिक चर्चमधील प्रवेशाची सुरुवात अर्जाने होत नाही. पती-पत्नीने आपल्या भागातील धर्मग्रामाच्या (पॅरिश, म्हणजे स्थानिक चर्चच्या) प्रमुख धर्मगुरूंना भेटून इच्छा सांगावी; या टप्प्यावर कोणतीही बांधिलकी नसते आणि केव्हाही थांबता येते. वसई धर्मप्रांतात (बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशात) मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य सामूहिक उपासना, मराठीतून होते, त्यामुळे मराठी कुटुंबांना तेथे उपासना समजून घेणे सोपे जाते. दोघांपैकी एकालाच इच्छा असल्यास त्याला एकट्याला प्रवेश घेता येतो. जोडीदाराला भिडेखातर सोबत आणणे चर्चलाही मान्य नाही, कारण स्वेच्छा ही पात्रतेची पहिली अट आहे.

बाप्तिस्मा (पाण्याने दिला जाणारा चर्चप्रवेशाचा संस्कार) न झालेल्या प्रौढांना दीक्षार्थी, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणारे, म्हणून स्वीकारले जाते. काही महिने, बहुधा वर्षभर, धर्मशिक्षण घेतल्यावर प्रायश्चित्तकाळाच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या) आरंभी दीक्षार्थींना बाप्तिस्म्यासाठी स्वीकारणारा निवडीचा विधी होतो आणि ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत बाप्तिस्मा, दृढीकरण (तेलाचा अभिषेक करून श्रद्धा बळकट करणारा संस्कार) व पवित्र कम्युनियन (पवित्र भाकरीचे ग्रहण) हे तिन्ही संस्कार एकाच रात्री दिले जातात. प्रोटेस्टंट चर्चमध्ये वैध बाप्तिस्मा झालेल्यांना तो पुन्हा दिला जात नाही. त्यांनी जुना बाप्तिस्म्याचा दाखला आणावा.

विवाहाबाबत गैरसमज फार आहेत. बाप्तिस्मा न झालेल्या दोघांनी रीतसर केलेला विवाह चर्च मानते आणि दोघांच्या बाप्तिस्म्यानंतर तोच विवाह संस्कार ठरतो. पुन्हा लग्न लावावे लागत नाही. मात्र दोघांपैकी कोणाचा पूर्वी घटस्फोट झाला असेल, तर न्यायालयाचा हुकूमनामा पुरत नाही. प्रकरण धर्मप्रांताच्या न्यायाधिकरणाकडे (चर्चच्या स्वतःच्या न्यायमंडळाकडे) जाऊ शकते आणि प्रवेश लांबू शकतो, म्हणून ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावी.

मुलांच्या बाबतीत ७ वर्षे ही सीमा आहे. त्याहून लहान मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी किमान एका पालकाची संमती आणि त्याचे संगोपन कॅथलिक श्रद्धेत होईल अशी वाजवी आशा लागते. ७ वर्षे पूर्ण झालेल्या, समज आलेल्या मुलाला चर्चची १९८३ ची नियमसंहिता या बाबतीत प्रौढांचेच नियम लावते, म्हणजे त्याला वयानुरूप शिकवावे लागते आणि त्याची स्वतःची इच्छा विचारावी लागते. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. आठ वर्षांच्या मुलाला गृहीत धरू नये. धर्मपिता किंवा धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळी सोबत राहून पुढे श्रद्धेत साथ देणारी व्यक्ती) ही १६ वर्षे पूर्ण झालेली, दृढीकरण झालेली कॅथलिक व्यक्ती असावी. मुलाचे आईवडील ही जबाबदारी घेऊ शकत नाहीत.

सामान्यतः सर्वांचे जन्मदाखले, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, ओळखपत्र व रहिवासाचा पुरावा मागितला जातो.

शासकीय बाजूकडे दुर्लक्ष करू नये. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० नुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख व बौद्ध यांनाच मिळतो. त्यामुळे अशा कुटुंबाने मुलांच्या शिक्षणावर व नोकरीवर होणारा परिणाम आधीच समजून घ्यावा. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अट नाही. धर्मांतराचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. उदाहरणार्थ, मध्य प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी कळवण्याची तरतूद आहे, तेव्हा इंदूरच्या मराठी कुटुंबांनी आणि महाराष्ट्रातील कुटुंबांनीही त्या वेळी लागू असलेला कायदा वकिलाकडून पाहून घ्यावा. महाराष्ट्रात नाव व धर्म यांतील बदल राजपत्रात प्रसिद्ध करता येतो.

बाप्तिस्म्याची नोंद धर्मग्रामाच्या नोंदवहीत होते; त्यातील मुलांची नावे व जन्मतारखा जन्मदाखल्याशी जुळतात का, हे त्याच दिवशी तपासावे.