बर्बनची चव की अल्कोहोलची जळजळ?

बर्बन बॅरल-एज्ड इम्पीरियल स्टाउटचा, म्हणजे बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात मुरवलेल्या काळ्या बिअरचा, पहिला घोट घेतला, घसा पोळला आणि लगेच शेरा तयार: ‘वा, काय बर्बन लागतेय!’ अहो, बर्बन नाही लागली. घसा पोळला, इतकंच झालं. नवखे हे म्हणतात ते समजू शकतं. वर्षानुवर्षं बिअर पिणारे आणि गुणपत्रिका हातात घेऊन बसणारे परीक्षकही तेच म्हणतात, याचा आता कंटाळा आलाय. परिणाम असा की बिघडलेल्या बिअरला शाबासकी मिळते आणि नीट जमलेली बिअर ‘बर्बन जरा कमीच’ म्हणून मागे पडते.

इम्पीरियल स्टाउट तुम्हाला माहीत आहे असं धरतो. काळी, दाट, भाजक्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची), 8 ते 12 टक्के अल्कोहोलची. बॅरलमधली असेल तर बऱ्याचदा त्याच्याही वरची. पुढे.

बर्बनचं कूळ मात्र पाहायला हवं. अमेरिकी कायद्याप्रमाणे बर्बनच्या धान्यात किमान 51 टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते. कोऱ्या म्हणजे कोऱ्याच. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. त्यामुळे साधारण 200 लिटरची ही पिंपं रिकामी झाली की स्कॉच आणि रमवाल्यांकडे जातात, आणि 1990 च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंड या ब्रुअरीने त्यांत स्टाउट भरून दाखवल्यावर बिअरवाल्यांचीही त्यांवर उडी पडली. फळ्यांमध्ये बर्बन जिरलेली असते. स्टाउट सहा महिने, वर्षभर आत पडून राहते. हवामान तापलं की लाकडात शिरते, निवलं की परतते. परतताना व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा सुगंध, घेऊन येते, ओक लॅक्टोनचा नारळासारखा सुगंध आणते, युजेनॉलची लवंग आणते, जळक्या थराचा किंचित धूर आणि कॅरॅमल आणते.

ही यादी पुन्हा वाचा. हे सगळे वास आहेत. यातलं काहीही घसा भाजत नाही.

जळजळ ही वेगळीच चीज आहे. ती वासही नाही आणि काटेकोर अर्थाने चवही नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि प्रत्यक्ष उष्णता ज्या संवेदकांना चेतवतात, त्यांनाच इथेनॉल चेतवतं. म्हणून ग्लासातली बिअर 12 अंशांवर असली तरी ‘गरम’ लागते.

एक नाकाचं काम आणि एक मज्जातंतूंचं, म्हणून दोन्ही वेगळी करणं अगदी सोपं आहे. नाक चिमटीत घट्ट धरा. घोट घ्या, तोंडभर फिरवा, गिळा, पण चिमटी सोडू नका. आता काय उरलं ते पाहा: गोडवा, भाजक्या माल्टचा कडवटपणा, हिरड्यांवरचा तुरटपणा, जिभेवरची दाटी आणि असेल तर जळजळ. व्हॅनिला गायब, नारळ गायब, लवंग गायब. मग तोंड मिटलेलंच ठेवून नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका. त्या क्षणी घशाच्या मागून नाकात जे भरून येतं, ती बर्बन. चांगल्या बिअरमध्ये हा फरक इतका ठळक असतो की शंकेला जागाच राहत नाही. आणि काही बिअरमध्ये चिमटी सोडल्यावर काहीसुद्धा होत नाही. आधी पोळत होतं, आताही पोळतंय. अशा बिअरपुढे ‘बर्बन-फॉरवर्ड’, म्हणजे बर्बन ठळक, असं लिहिणाऱ्याच्या हातातून पेन काढून घ्यावंसं वाटतं.

सगळी जळजळ दोष असते असं मात्र नाही. गिळल्यानंतर छातीत सावकाश उतरणारी ऊब या बिअरला हवीच. नसेल तर मलाच चुकल्यासारखं वाटतं. नको असते ती फ्युझेल अल्कोहोलची, म्हणजे इथेनॉलबरोबर तयार होणाऱ्या जड अल्कोहोलांची, धग. ती गिळण्याची वाट पाहत नाही. ग्लास नाकाशी नेताच टोचते, ओठांना चावते आणि नंतर घशात खरखरत राहते. वासही सॉल्व्हंटकडे झुकणारा. ही धग आंबवतानाच तयार होते: भरपूर साखरेचा घट्ट वर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड काढा), त्यात यीस्ट अपुरं, प्राणवायू कमी आणि तापमान चढलेलं. म्हणजे काम पिंपात जायच्या आधीच बिघडलेलं असतं. लाकडात जिरलेल्या बर्बनमुळे बिअरचं अल्कोहोल थोडं वाढतं हे खरं, पण ही खरखर तिच्या माथी मारू नका. ‘दोन वर्षं ठेवून द्या, बसेल’ हा सल्लाही बंद करा. सीलबंद बाटलीतून फ्युझेल जाणार कुठे? तेवढ्या काळात बॅरलचा सुगंध मात्र मंदावतो आणि ऑक्सिडेशन, म्हणजे प्राणवायूने येणारा शिळेपणा, चढत जातं.

याची उलट फसवणूक साखर करते. उरलेली साखर आणि दाटपणा भरपूर असेल तर 14 टक्क्यांची बिअरही मवाळ लागते. बिअर अंगाने पातळ असेल तर 10 टक्क्यांचीही चरचरते. तेव्हा लेबलवरचा आकडा वाचून जळजळीचा अंदाज बांधू नका, आणि ‘स्मूद’ हा शब्द कौतुक म्हणून तर अजिबात वापरू नका. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की साखरेने सगळं झाकलंय.

फ्रिजमधून काढून थेट चाखणाऱ्यांबद्दल काय बोलावं! थंडीत सुगंध दबतो आणि फ्युझेलही लपतं. 12 ते 14 अंशांपर्यंत येऊ द्या, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, आणि अर्धा ग्लास संपेपर्यंत निकाल देऊ नका. चांगल्या बिअरमध्ये तोवर नारळ आणि कॅरॅमल वर येतात. वाईट बिअरमध्ये नेलपॉलिश रिमूव्हर.

बीजेसीपीची, म्हणजे बिअर परीक्षकांच्या अमेरिकी संस्थेची, गुणपत्रिका मुळातच ही फारकत करते. 50 पैकी वासाला 12, चवीला 20, दिसण्याला 3, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकूण परिणामाला 10. अल्कोहोलची ऊब त्या पाचात बसते. बर्बन वास आणि चव मिळून बत्तिसात. जळजळीवर खूश होऊन चवीचे गुण वाढवले की हिशेबच चुकला. मी आणखी एक करतो: बर्बन कितीही सुरेख असो, तिच्याखाली स्टाउट शोधावी लागत असेल तर शेवटच्या दहातून सरळ कापतो. त्यांच्याच वर्गवारीत नुसत्या लाकडात मुरलेल्या बिअरचा गट वेगळा आहे आणि आधी दारू असलेल्या पिंपातल्या बिअरचा वेगळा, एवढं लक्षात असू द्या.

बाकीचे घोळ किरकोळ. व्हॅनिलाच्या शेंगा घातलेली बिअर एकाच सुरात बोलते. ओकचा व्हॅनिला नारळ, लवंग आणि तुरटपणा बरोबर घेऊन येतो. सोया सॉससारखं लागलं तर बॅरलचं कौतुक करू नका, बहुधा मेलेल्या यीस्टचा प्रताप असतो.

आणि आंबटपणा. भाजक्या माल्टची हलकी आम्लता असते, ती चालते. त्यापलीकडचा आंबटपणा ‘बॅरलचं वैशिष्ट्य’ म्हणून गळी उतरवला जातो, तो बहुतेक वेळा जंतूंचा असतो. गूज आयलंडच्या 2015 च्या बर्बन काउंटी या स्टाउटच्या काही बॅचमध्ये लॅक्टोबॅसिलस ॲसिटोटॉलरन्स हा आंबट करणारा जिवाणू शिरला, तेव्हा खुद्द कंपनीनेच ते मान्य करून ग्राहकांना पैसे परत दिले आणि पुढच्या वर्षीपासून पाश्चरायझेशन सुरू केलं. अशी बाटली हाती आली तर गुणपत्रिका बाजूला ठेवा आणि पावती शोधा.