कोलोबस पाहायला निघताना केळी बॅगेत नकोत

आमच्या केनिया-टांझानिया सहलीत कोलोबस (झाडांवर राहणारं आफ्रिकन माकड) दिसला की "तो खाली का येत नाही?" हा प्रश्न ठरलेला, आणि पाठोपाठ कुणीतरी केळं काढतं. वेळ जातो तो इथेच. केळं पाहून खाली उतरतात ती व्हर्वेट आणि साइक्स माकडं. ती पिशव्यांवर झडप घालतात, गाइड माणसं सांभाळत बसतो आणि गोंगाटाने कोलोबस आणखी वर सरकतो.

कोलोबस हा पाला खाणारा, आपल्याकडच्या काळतोंड्या वानराचा भाऊबंद. कोवळी पानं, कळ्या, बिया, कच्ची फळं हा त्याचा आहार. पोटाला कप्पे असतात आणि तिथले जिवाणू पाला आंबवतात. पिकलं गोड फळ त्यात गेलं की झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं, जिवाणू मरतात. फार धान्य खाल्लेल्या गाईसारखं पोट फुगतं आणि जीवही जाऊ शकतो. कोलोबस पाहायच्या दिवशी नाश्त्याच्या डब्यात आम्ही केळं देत नाही ते यासाठी, काटकसर म्हणून नाही.

एरवीही त्याचं पोट मोठंच दिसतं, नराचंसुद्धा. त्यामुळे प्रत्येक मादी गाभण समजू नका. तासन्‌तास फांदीवर बसलेला कोलोबस आजारी नसतो, पाला पचवत असतो.

झांझिबारच्या जोझानी जंगलाजवळ लाल कोलोबस कोळसा चघळताना दिसतो. ते पाहून अनेकांना तो उपाशी वाटतो. खरं तर आंबा आणि बदामाच्या पानांतली बाधक द्रव्यं कोळसा शोषून घेतो, म्हणून तो खातो.

ओळखायचा कसा? त्याच्या हाताचा फोटो मोठा करून पाहा: चार लांब बोटं, अंगठा जवळजवळ नाहीच. अंगाच्या दोन्ही बाजूंना पांढरी झालर आणि शेपटीला झुबका असेल तर तो ग्वेरेझा जातीचा कोलोबस. तो केनियातल्या नैवाशा सरोवराकाठी आणि टांझानियातल्या अरुशा राष्ट्रीय उद्यानात दिसतो. केनियातल्या डियानी किनाऱ्यावरचा तो अंगोला कोलोबस, त्याच्या खांद्यांवर लांब पांढरे केस. तिथे रस्त्यावरून बांधलेल्या दोरीच्या शिड्यांवरही नजर ठेवा, कोलोबस त्यांवरून रस्ता ओलांडतात. ग्वेरेझाचं नवजात पिल्लू पूर्ण पांढरं असतं, साधारण तीन-चार महिन्यांत रंग बदलतो.

सकाळी ते शेंड्यांवर उन्हाला बसतात, म्हणून आम्ही लवकर निघतो. ८×४२ दुर्बीण गाडीत असते, वेगळे पैसे नाहीत. जोझानीला माकडं अगदी जवळ येतात. तरी पाच मीटर अंतर ठेवा आणि सर्दी असेल तर गाइडला आधी सांगा. मसाल्याच्या बागेसोबत जोझानी हवं असेल तर बुकिंग करतानाच कळवा, म्हणजे जंगलासाठी पूर्ण दोन तास राखता येतात.